रेसकार्ड कसं वाचायचं: गोव्याहून पुण्या-मुंबईच्या रेसला जाणाऱ्या नवख्यांसाठी

डिचोलीच्या माझ्या भाच्याला मी पहिल्यांदा पुण्याच्या रेसला नेलं. एम्प्रेस गार्डनच्या बाजूच्या गेटातून आत शिरलो, रेसबुक, म्हणजे त्या दिवसाचं रेसकार्ड (शर्यती आणि घोड्यांची माहिती) छापलेली पुस्तिका, त्याच्या हातात दिलं आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, "मामा, आज खंयचो नंबर येतलो?"

त्याला दोष नाही. गोव्यात आपण आकड्यांच्या आसपास वाढतो. बाजारात, बसस्टँडवर, ताव्हेर्नात (दारूच्या गुत्त्यात) मटक्याचा आकडा कानावर पडतोच. कुणाच्या स्वप्नात साप आला तर त्याचाही आकडा निघतो. तीच सवय घेऊन माणूस रेसकोर्सवर गेला की त्याला पाच नंबरचा घोडा दिसत नाही, नुसता पाच दिसतो. नंबर फक्त ओळखण्यासाठी असतो. धावतो तो घोडा. त्याला वय असतं, वजन असतं, त्याची एक आवडती जमीन असते आणि मागच्या शर्यतीत त्याच्यासोबत काहीतरी घडलेलं असतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ ठरवलं ते याच आधारावर. मात्र ते कौशल्य आपण वापरलं तरच त्याला अर्थ आहे. कुणाची तरी टिप ऐकून लावलेला घोडा आणि स्वप्नातल्या सापाचा आकडा यांत मला फारसा फरक दिसत नाही.

माझी पद्धत एका प्रश्नावर उभी आहे: मागच्या वेळी हा घोडा तसा का धावला, आणि ते कारण आज पुन्हा लागू आहे का? पुढच्या सगळ्या पायऱ्या या 'का'चं उत्तर शोधण्यासाठी आहेत.

पायरी १: आदल्या दिवशी बसा, आणि दोनच शर्यती घ्या

गोव्यात रेसकोर्स नाही. आपल्याला जवळची दोन, पुणे आणि मुंबईचं महालक्ष्मी. दोन्ही रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबची. पुण्याचा मोसम पावसाळ्यात, साधारण जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत. मग नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत मुंबई. बहुतेक घोडे तेच, ट्रेनर तेच, जॉकीही बरेचसे तेच असतात. म्हणून पुण्यात केलेली टिपणं मुंबईत उपयोगी पडतात. डोळ्यांना सवय लावण्यासाठी एक पुणे मोसम घरबसल्या पाहा. क्लबच्या संकेतस्थळावर रेसकार्ड, निकाल आणि शर्यतींचे व्हिडिओ मिळतात. प्रवासाचा खर्च त्यानंतर करा.

दिवसात सहा-सात शर्यती असतात, कधी जास्तही. सगळ्यांचा अभ्यास एका संध्याकाळी होत नाही. नवख्याने दोन निवडाव्यात: सात ते दहा घोड्यांच्या, आणि बहुतेक घोडे निदान पाच-सहा वेळा धावलेले असतील अशा. जिथे निम्मे घोडे पहिल्यांदाच धावणार आहेत ती शर्यत सोडा. तिथे वाचायला काहीच नसतं, आणि नेमक्या अशाच शर्यतीत कुजबुज सर्वांत जास्त असते.

पायरी २: शर्यतीचा मथळा आधी, घोडे नंतर

प्रत्येक शर्यतीच्या वर एक ओळ असते. उदाहरणार्थ १,२०० मीटर, चौथा वर्ग, रेटिंग २० ते ४६. नवखे ती ओळ ओलांडून थेट नावांवर जातात, पण निम्मी गोष्ट तिथेच लिहिलेली असते.

घोड्याच्या कामगिरीवरून हँडिकॅपर त्याला रेटिंग देतो. घोडा जिंकला की ते चढतं, हरत राहिला की उतरतं. रेटिंगप्रमाणे पाच वर्ग असतात, पहिला सर्वांत वरचा. शर्यतीत जास्त रेटिंगच्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन, कमी रेटिंगच्यावर कमी, म्हणजे कागदावर सगळे बरोबरीत येतात. हिशेब सोपा आहे: रेटिंगचे दोन गुण म्हणजे एक किलो. ४६ रेटिंगचा घोडा ६२ किलो घेऊन धावत असेल तर २० रेटिंगच्याला ४९ किलो येतात.

शेजारच्या वर्गांच्या मर्यादा एकमेकींत थोड्या शिरलेल्या असतात हे लक्षात ठेवा. ४० रेटिंगचा घोडा तिसऱ्या वर्गात तळाला हलक्या वजनाने धावू शकतो, किंवा चौथ्यात वरच्या जागी जड वजनाने. ट्रेनर त्याला कधी इकडे, कधी तिकडे नेतो. घोडा वर्ग उतरून आला की लोक म्हणतात, "आता सोपं आहे." विरोधक सोपे झाले हे खरं. पण पाठीवर कदाचित दहा किलो वाढलेले असतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मांडायला शिका.

पायरी ३: आकड्यांच्या मागची शर्यत

घोड्याच्या नावापुढे मागच्या शर्यतींतले क्रमांक असतात, जसे ४-१-०-७. शून्य म्हणजे नववा क्रमांकही मिळाला नाही. ताजी शर्यत कोणत्या बाजूला छापली आहे हे पुस्तकागणिक बदलतं, ते आधी पाहून घ्या. मी स्वतः सुरुवातीला एकदा संपूर्ण दुपार उलट दिशेने वाचली होती.

सातवा क्रमांक म्हणजे वाईट असं धरू नका. सातवा, पण जिंकणाऱ्यापासून किती लेंथ (एक लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी) मागे? शेवटच्या टप्प्यात घोड्यांना एक लेंथ जायला सेकंदाचा साधारण पाचवा-सहावा हिस्सा लागतो. म्हणजे चार लेंथ मागे असलेला सातवा घोडा पाऊण सेकंदाने हरलेला असतो, आणि कमी घोड्यांच्या शर्यतीत बारा लेंथ मागे राहिलेला तिसरा त्याच्यापेक्षा कितीतरी वाईट धावलेला असतो.

मग व्हिडिओ उघडा. एकदा पूर्ण शर्यत पाहा, दुसऱ्यांदा फक्त तुमचा घोडा पाहा. गेट उघडल्यावर तो उशिरा निघाला का? वळणावर आतल्या बाजूला कोंडला गेला का? बाहेरून फिरून येत जास्तीचं अंतर धावला का? शेवटच्या २०० मीटरमध्ये पुढचे घोडे थकले म्हणून तो जवळ आल्यासारखा दिसला, की खरंच त्याचा वेग वाढला?

याच्या जोडीला शर्यतीनंतर येणारा स्टुअर्डांचा, म्हणजे शर्यतीवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांचा, अहवाल वाचा. मला तो सर्वांत मौल्यवान कागद वाटतो, आणि तोच सर्वांत कमी लोक वाचतात. घोडा सुटायला उशीर झाला, दुसऱ्याने वाट अडवली, नाकातून रक्त आलं, नाल निखळला, खोगीर सरकलं, असं सगळं त्यात कोरड्या भाषेत नोंदलेलं असतं. ज्या घोड्याचा आठवा क्रमांक पाहून बाकीचे त्याला खोडतात, त्याच्याच नावापुढे 'वळणावर अडथळा' अशी नोंद सापडली की तुमच्या हाताला काहीतरी लागलं.

उलटी बाजूही तितकीच महत्त्वाची. मागच्या वेळी जिंकलेला घोडा का जिंकला? कुणीही न टोकता तो आघाडीवर आरामात धावत राहिला होता का? तसं असेल आणि आज त्याच्याबरोबर आघाडी घेणारे आणखी दोन घोडे असतील, तर ते कारण आज उरलेलं नाही.

पायरी ४: वजन आणि अंतर

जुन्या लोकांचा ढोबळ नियम असा की १,६०० मीटरच्या आसपास एक किलो म्हणजे साधारण एक लेंथ. अंतर कमी असेल तर किलोचा परिणाम कमी, अंतर वाढलं की जास्त. हा नियम मोजपट्टीसारखा वापरू नका, अंदाजाला दिशा मिळावी इतकंच त्याचं काम. ॲप्रेंटिस (शिकाऊ) जॉकी असेल तर वजनात सवलत असते. ती धरूनच घोड्याच्या पाठीवर खरं किती आहे ते लिहून घ्या.

अंतराबद्दल मी जास्त कडक आहे. १,००० मीटरचा घोडा आणि १,६०० मीटरचा घोडा हे दोन निराळे प्राणी समजा. एक सुटल्याक्षणी पेटतो, दुसऱ्याला रंगात यायलाच निम्मी शर्यत लागते. भारताची डर्बी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी महालक्ष्मीला २,४०० मीटरवर होते. १,६०० मीटरची गिनीज शर्यत जिंकलेला घोडा तिथे शेवटच्या ४०० मीटरमध्ये पाय ओढू लागतो हे दृश्य पुन्हा पुन्हा दिसतं. आई-बापाकडून दम आला आहे की नुसता वेग, हे वंशावळीच्या रकान्यातून थोडंफार कळतं. ती खात्री यायला वर्षं लागतात, म्हणून नवख्याने घोड्याच्या स्वतःच्या कामगिरीवरच भर द्यावा.

पायरी ५: जमीन, रेलिंग, गेट

पुण्यात मोसमच पावसाचा. गोव्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात शेतात फुटबॉल खेळलेल्या कुणालाही माहीत आहे की कोरड्या मैदानावरचा चपळ पोरगा चिखलात अडखळतो आणि थोराड, ताकदीचा पोरगा तिथे सरस ठरतो. घोड्यांचंही तसंच. जमिनीचा मऊपणा मोजण्यासाठी पेनेट्रोमीटर वापरतात. आकडा जितका मोठा तितकी जमीन मऊ. शर्यतीच्या दिवशीचा आकडा जाहीर होतो. तुमचा घोडा आधी जिंकला तेव्हाचा आकडा काय होता ते शोधा आणि शेजारी मांडा.

कार्डावर 'फॉल्स रेल्स' अशी सूचना असते: अमुक मीटरपासून अमुक मीटरपर्यंत, इतक्या मीटर रुंदीवर. आतल्या कडेचं गवत झिजू नये म्हणून रेलिंग बाहेर सरकवलेलं असतं. रेलिंग बरंच बाहेर असलं की मागून येणाऱ्यांना वाट काढणं जड जातं असा माझा अनुभव आहे.

ड्रॉ म्हणजे गेटाचा क्रमांक. तो घोड्याच्या नंबरपेक्षा वेगळा असतो, इथे नवखे हमखास गोंधळतात. वळण लवकर येत असेल तर बाहेरच्या गेटातल्या घोड्याला जास्त फिरून यावं लागतं. लांब शर्यतीत हा तोटा भरून काढायला वेळ मिळतो.

आता कागदावर एक चित्र काढा: कोण आघाडी घेईल, कोण त्याच्या मागे बसेल, कोण शेवटून येईल. आघाडीचा घोडा एकटाच असेल तर तो धोकादायक. तिघे असतील तर ते एकमेकांना दमवतात आणि मागचा येतो. हे चित्र काढल्याशिवाय मी कधीच निवड करत नाही.

पायरी ६: सकाळचा सराव

पहाटेच्या सरावाच्या वेळा छापून येतात: ८००/५३, ६००/४०. म्हणजे शेवटचे ८०० मीटर ५३ सेकंदांत आणि त्यातले शेवटचे ६०० मीटर ४० सेकंदांत. सोबत दोन शब्दांचा शेरा असतो. सहज धावला, की दामटावं लागलं? ६००/३९ दामटून काढण्यापेक्षा ६००/४० लगाम धरून काढणारा घोडा मला आवडतो. पाठीवर कोण होतं तेही पाहा. शर्यतीचा जॉकी स्वतः पहाटे आला असेल तर काहीतरी विचार आहे. रायडिंग बॉय (सरावापुरता घोड्यावर बसणारा) असेल तर तो बहुधा जॉकीपेक्षा जड असतो, वेळ त्या मानाने वाचा.

नालांचा रकाना लहान पण कामाचा आहे: अॅल्युमिनियम की स्टील. अॅल्युमिनियमचे नाल हलके. नेहमी स्टीलवर धावणाऱ्या घोड्याला आज पहिल्यांदा अॅल्युमिनियम लावलं असेल, किंवा डोळ्यांना पहिल्यांदाच ब्लिंकर्स (बाजूचं दिसू नये म्हणून लावायची झापडं) चढवले असतील, तर ट्रेनरने काहीतरी बदलायचं ठरवलं आहे. एवढंच त्यातून कळतं. तो बदल यशस्वी होईल असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं.

जॉकी आणि ट्रेनरबद्दल थोडक्यात सांगतो. मोठ्या नावामागे सगळे धावतात, त्यामुळे भाव आधीच पडलेला असतो. एखाद्या घोड्यावर कोणता जॉकी आधी जिंकला आहे आणि तोच आज परत बसला आहे का, एवढं पाहिलं तरी पुरे.

एक शर्यत मांडून पाहू

हे घोडे मी उदाहरणासाठी रचले आहेत. पुणे, १,२०० मीटर, रेटिंग २० ते ४६, जमीन मऊ.

दूधसागर, रेटिंग ४४, वजन ६१. मागच्या वेळी तीन लेंथने जिंकला. तेव्हा रेटिंग ३६ होतं, पाठीवर ५७ किलो. आज चार किलो जास्त. व्हिडिओत दिसतं की त्याला आघाडीवर कुणी त्रास दिला नव्हता.

अबोली, रेटिंग ४०, वजन ५९. मागच्या वेळी तिसऱ्या वर्गात ४९ किलोवर चौथी, पाच लेंथ मागे. अहवालात नोंद: गेटातून उशिरा, वळणावर अडली. मऊ जमिनीवर याआधी दोनदा जिंकलेली. आज गेट दोन.

सुरंगी, रेटिंग २८, वजन ५३. मागच्या तिन्ही वेळा दुसरी किंवा तिसरी, दर वेळी शेवटी जोरात येते आणि अंतर संपतं.

शेवंती, रेटिंग २४, वजन ५१. तीन वर्षांची, दोनदाच धावली, नववी आणि सातवी. पहाटे ६००/३८. पहिल्यांदा ब्लिंकर्स. आणि पॅडॉकजवळ (शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या रिंगणाजवळ) उभा असलेला प्रत्येक दुसरा माणूस हेच नाव सांगतो आहे.

शेवंती सुरुवातीला जोरात सुटते हे तिच्या दोन्ही व्हिडिओंत दिसतं. ब्लिंकर्समुळे आज ती आणखी पेटेल. म्हणजे दूधसागरला आज मोकळी आघाडी नाही, आणि पाठीवर चार किलो वाढले आहेत. त्याच्या विजयाची दोन्ही कारणं गेली. शेवंतीची वेळ चांगली आहे, पण वाळूवर पहाटे एकट्याने काढलेली. गर्दीत तिने अजून काही केलेलं नाही. दोघं पुढे झुंजली की शर्यत मागच्यांना सोपी होते. सुरंगीला १,४०० मीटर हवेत, तरी वेग जास्त राहिला तर ती पहिल्या तिघांत येईल. अबोलीच्या अपयशाला ठोस कारण होतं, जमीन तिची आहे, गेट चांगलं आहे. शंका फक्त ५९ किलोंची.

मी अबोली निवडली असती. ती हरलीही असती कदाचित. पण हरली तर कुठे चुकलो हे मला शोधता आलं असतं: वजन मी हलक्यात घेतलं का, की शेवंती मला वाटली त्याहून खरी निघाली? शेवंतीची टिप घेऊन हरणाऱ्याला शोधायला काहीच उरत नाही.

पायरी ७: पॅडॉक

शर्यतीआधी सईस घोड्यांना गोल फिरवतात तिथे दहा मिनिटं उभे राहा. पाय मोकळा टाकतो का, मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशापलीकडे पडतो का, अंगावर तुकतुकी आहे का, मान शांत आहे का. मागच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस, सतत उड्या, डोळ्यांत भीती दिसली तर तो घोडा शर्यत तिथेच धावून संपवतो आहे. पुण्याच्या दमट दिवशी थोडा घाम सगळ्यांनाच असतो, म्हणून शेजारच्यांशी तुलना करूनच ठरवा. माझी निवड मी पॅडॉकमध्ये बदलत नाही, मात्र घोडा फार बेचैन दिसला तर सोडून देतो.

पायरी ८: भाव आणि पैसा

बुकीने तीनास एक भाव दिला म्हणजे चारांपैकी एकदा जिंकण्याइतकी संधी तो धरतो, आणि त्यात त्याचा नफाही असतो. तुम्हाला वाटतं अबोली तीनांपैकी एकदा जिंकेल, तर तो भाव चांगला. बरोबरीचा भाव मिळत असेल तर घोडा कितीही आवडो, सोडा. टोटमध्ये, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र जमा होणाऱ्या बेटिंगमध्ये, भाव लोकांच्या पैशांवर ठरतो आणि शर्यत सुटेपर्यंत हलत राहतो.

आता जे सांगतो ते कृपा करून मनावर घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेसच्या बेटिंगवर ४० टक्के जीएसटी आहे, आणि तो लावलेल्या पूर्ण रकमेवर धरतात. जिंकलेल्या रकमेवर आयकर ३० टक्के, त्यात हरलेले पैसे वजा होत नाहीत. हे ओझं घेऊन प्रत्येक शर्यतीला पैसे लावणारा माणूस वर्षाअखेर पुढे राहू शकत नाही, त्याचा अभ्यास कितीही असो. म्हणून पहिला मोसम कागदावरच खेळा. त्यानंतरही बसभाडं आणि जेवण यांसारखा तो दिवसाचा खर्च माना, रक्कम घरातून निघताना वेगळी काढा, आणि ती संपली की फक्त शर्यती पाहा. जॅकपॉट आणि टानालाचे मोठे आकडे फलकावर पाहून हरखू नका. टानालात पहिले तीन घोडे क्रमाने सांगायचे असतात, आणि नवख्याला अजून एकही धड सांगता येत नाही.

लायसन्स नसलेल्या, फोनवर भाव देणाऱ्या माणसाकडे अजिबात जाऊ नका. ते बेकायदा आहे, आणि उधारीवर खेळवून घर धुवून नेलेली माणसं मी म्हापशात आणि मडगावात पाहिली आहेत. त्यांतला एक माझा शाळासोबती होता. टिप देणारे गट पैसे मागतात तेव्हाही तेच: ज्याला निकाल खरोखर माहीत आहे तो शंभर अनोळखी लोकांना सांगून आपलाच भाव पाडणार नाही.

पायरी ९: परतीच्या बसमध्ये

रात्रीची बस बेळगावकडे लागते तेव्हा वही काढा. दोन्ही शर्यतींसाठी चार ओळी पुरतात: मी कुणाला निवडलं, का निवडलं, प्रत्यक्षात शर्यत कशी धावली गेली, आणि कोणता घोडा दिसतो त्यापेक्षा चांगला धावला. शेवटची ओळ टाळू नका. माझ्या भाच्याने त्या दिवशी लिहिलेली ती ओळ अशी होती: 'सहावी शर्यत, पाचवा आलेला, पूर्ण सरळ पट्टीत वाट मिळाली नाही, १,४०० मीटरला परत बघायचं.' नंबर त्याने लिहिलाच नव्हता, घोड्याचं नाव लिहिलं होतं.